वाळव्याचं कुणी ऐकत नाही

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. गोड आवाजात कुणी आपली कहाणी सांगत असेल तर खुशाल त्याच्याकडे जा. माझ्या आवाजात घरघर आहे. ती सहन होणार असेल तर बसा, पण माझ्या अगदी समोर बसू नका. का ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. बूड ओतीव लोखंडाचं, पाती पितळेची आणि पुढे तारेची गोल जाळी. माझी मान डावीउजवीकडे फिरायची, त्याचं तेव्हा भारी कौतुक होतं. तपासणाऱ्या माणसाने मला लावून पाहिलं, समोर कागदाची पट्टी धरली, पट्टी फडफडली, तसा तो म्हणाला, "पास." बस्स, एवढंच. मी वारा सोडतो, हे त्याला एका पट्टीत कळलं. पुढे ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथल्या शिकल्यासवरल्या माणसांना ते कळायला किती काळ लागला, ते ऐकाल तर कपाळाला हात लावाल.

मला एका घड्याळजींनी विकत घेतलं आणि दुकानात गिऱ्हाइकांच्या बाजूला ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या टेबलाकडे माझं तोंड कधी वळू दिलं नाही, कारण माझ्या एका फुंकरीत घड्याळाचे बारीक स्क्रू उडाले असते. शहाणा माणूस! लोक उन्हातून यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, सदऱ्याचं वरचं बटण काढायचे आणि "आहाहा, काय पंखा आहे!" म्हणायचे. काही जण तर घड्याळ बिघडलेलं नसतानाही यायचे. मी मान डोलावत सगळ्यांना सारखा वारा द्यायचो. ते दिवस सुखाचे होते.

मग घड्याळजी वारले. दुकान बंद झालं. माझ्या मानेतलं दातेरी चाक झिजलं आणि मान एका जागी अडकून बसली. दुरुस्त कोण करणार? दुकान होतं त्या पुढच्या खोलीत घड्याळजींचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे धाकटे भाऊ, राहायला आले. शाळेतल्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी येताना आपला छताचा पंखा आणला. मग मला उचलून मागच्या खोलीत नेलं. तिथे घड्याळजींच्या पत्नी घड्याळाच्या तबकड्या रंगवतात. तबकडी म्हणजे घड्याळाचा गोल चेहरा, ज्यावर आकडे असतात तो. जुन्या घड्याळांचे पुसट झालेले चेहरे बाई इतके सुबक रंगवतात की घड्याळ पुन्हा लग्नाचं झाल्यासारखं दिसतं.

आता त्या खोलीची मांडणी नीट ध्यानात घ्या, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. मध्ये बाईंची खुर्ची. डाव्या हाताला भिंतीलगत फळ्यांची मांडणी, तिच्यावर ओल्या तबकड्या वाळत ठेवलेल्या. उजव्या हाताला स्टुलावर मी, कारण विजेचं बटण त्या भिंतीवर आणि माझी वायर आखूड. मी वारा सोडायचा तो मांडणीवरच्या तबकड्यांसाठी. आणि माझ्या नि मांडणीच्या बरोबर मध्ये काय? बाईंचं तोंड! खिडकी कायम बंद, कारण बाहेरची धूळ ओल्या रंगावर बसते. म्हणजे त्या खोलीत वारा कुणाचा, तर फक्त माझा.

माझं नावसुद्धा त्या घरात बदललं. पंखा म्हणून मला कुणी हाक मारेना. मी तबकड्या वाळवतो म्हणून बाईंनी माझं नाव ठेवलं वाळव्या. "सूनबाई, वाळव्या लाव गं." "मास्तर, वाळव्या मोठा कर रे." दिवसभर हेच. नाव इतकं तोंडात बसलं की त्या नावाला काही अर्थ आहे हेच सगळे विसरले.

पुढे बाईंना एक मोठं काम मिळालं. बाजारातल्या चौकात जो उंच मनोरा आहे, त्याच्या घड्याळाची तबकडी रंगवायची. जेवायच्या टेबलाएवढा पत्रा! चार माणसांनी धरून आणला आणि बाईंच्या टेबलावर आडवा ठेवला. ते घड्याळ घड्याळजींनी कितीदा तरी मनोरा चढून दुरुस्त केलं होतं, आणि तबकडीवरचे उडालेले आकडे बघून बाई दरवेळी म्हणायच्या, "हिचं तोंड एकदा माझ्या हाती द्या हो कुणीतरी." आयुष्यभर त्यांनी तळहाताएवढ्या तबकड्या रंगवल्या होत्या. ही पहिलीच अशी की जी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मान वर करून बघणार होता. काम देणाऱ्यांनी मात्र बजावलं होतं, हातून जमणार नसेल तर तसं सांगा, मशिनीवर छापलेला कागद चिकटवून टाकतो. छापलेला कागद! बाईंना हे ऐकून जेवण गेलं नाही.

आणि नेमके तेव्हाच बाईंचे डोळे बिघडले. चुरचुरायला लागले, लाल व्हायला लागले, डोळ्यांत वाळूचे कण गेल्यासारखं टोचायला लागलं. त्यातून पाणी तर घळाघळा वाहायचं. सूनबाई, म्हणजे बाईंच्या मुलाची बायको, औषधांच्या दुकानात कामाला आहे. ती संध्याकाळी घरी आली की सासूबाई डोळे पुसताना दिसायच्या. शेजारपाजारच्या बायका कुजबुजायला लागल्या, "सून छळते वाटतं." सूनबाई बिचारी रडकुंडीला आली. शेवटी मास्तर बहिणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

तिकडून आल्यावर बाईंनी पिशवी टेबलावर आपटली. "म्हणे डोळे कोरडे आहेत! इथे पदर भिजतोय, आणि ती म्हणते कोरडे! कोणत्या शाळेत शिकली कोण जाणे."

"अगं ताई, तिने सांगितलं ना," मास्तर म्हणाले. "डोळा कोरडा पडला की टोचतो, टोचला की त्यातून भसाभसा पाणी येतं. पण ते पाणी नुसतं वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही."

"मग काय करायचं?"

"अश्रू घालायचे. कृत्रिम."

"म्हणजे खोटे? माझे खरे वाहून जातायत ते जाऊ देत, आणि वरून खोटे विकत आणायचे?"

मास्तर हसले. मग बाईंनी जे सांगितलं ते ऐकून माझी पाती जागच्या जागी थबकायची राहिली. बाई म्हणाल्या, "आणि ती मला विचारते, वाऱ्यात बसता का? मी म्हटलं, छे हो! वारा कुठला? खिडकीसुद्धा उघडत नाही मी."

अहो, मग मी काय सोडतो? धूर? डॉक्टरीणबाईंनी नेमकं विचारलं, आणि बाईंनी ठणकावून नाही सांगितलं! बोलताना त्यांच्या कपाळावरची बट माझ्या वाऱ्याने उडत होती आणि ती त्या हाताने मागे सारत होत्या. मी जिवाच्या आकांताने घरघरलो. मास्तर म्हणाले, "वाळव्या फार आवाज करतो हल्ली, तेल घालायला हवं." आणि तेल काही घातलं नाही.

झालं, थेंब सुरू झाले. पहिली बाटली पातळ थेंबांची. घालायची रीत पाहाल तर हसू येईल. बाईंनी मान वर करायची, मास्तरांनी बाटली धरायची, सूनबाईने पापणी ओढायची. पहिला थेंब कानात. दुसरा भुवईवर. तिसरा आत पडला रे पडला की बाई डोळे घट्ट मिटून घेणार आणि औषध गालावरून खाली. पण घातल्यावर थोडा वेळ बरं वाटायचं, हे खरं. "गार वाटलं," म्हणायच्या बाई. मग माझ्या वाऱ्याने ते गारपण चटकन उडून जायचं, आणि अर्ध्या तासात परत चुरचुर.

"ह्या थेंबांत दम नाही," मास्तर म्हणाले. "पाण्यासारखे आहेत. घट्ट हवेत, जेलसारखे. टिकतील."

"मामा, घट्ट घातले की थोडा वेळ धूसर दिसतं," सूनबाई म्हणाली. "आईंना बारीक काम करायचं असतं. पातळच बरे, फक्त पुन्हापुन्हा घालायचे."

इथून त्या घरात युद्ध पेटलं. मास्तर घट्टवाले, सूनबाई पातळवाली. जेवताना तेच, चहा पिताना तेच. शेवटी मास्तरांना आपली प्रयोगशाळा आठवली. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वाद कशाला? प्रयोग करू. उजव्या डोळ्यात पातळ, डाव्यात घट्ट. बाकी सगळं सारखं ठेवायचं. कोणता डोळा सुधारतो ते बघू."

बाकी सगळं सारखं! मित्रांनो, उजवा डोळा माझ्या बाजूला आहे. माझा वारा थेट त्याच्यावर. डावा डोळा नाकाच्या आडोशाला आरामात बसलेला. बाईंचं नाक चांगलं सरळ आणि उंच आहे, आडोशाला भिंतीसारखं. अशा दोन डोळ्यांची बरोबरी लावायची म्हणजे एका मुलाला पावसात उभं करायचं, दुसऱ्याला छत्रीखाली, आणि म्हणायचं, बघू या कुणाला सर्दी होते.

व्हायचं तेच झालं. आठवडाभरात डावा डोळा बरा, उजवा लालबुंद. मास्तरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "बघ पोरी! घट्ट ते घट्ट!" असं म्हणत ते खोलीभर फिरले. जाता जाता माझ्या वाऱ्यात उभं राहून त्यांनी घाम वाळवला, पण डोक्यात उजेड काही पडला नाही.

सूनबाई हार मानणारी नाही. "मामा, खरा प्रयोग करायचा तर औषधं बदलून बघा. आता उजव्यात घट्ट, डाव्यात पातळ." मला वाटलं, आता सुटलो! पोरीचं डोकं चालतंय. औषधं बदलली. आठवडा गेला. आणि डावा डोळा पुन्हा बरा, उजवा पुन्हा लाल. आता कुणीही समजेल ना, की दोष औषधाचा नाही, बाजूचा आहे? उजवीकडे काय आहे ते तरी बघा! पण छे. तिघं डोकी धरून बसली, आणि मास्तरांनी जो निष्कर्ष काढला तो ऐका. "ताई, तुझ्या उजव्या डोळ्याला शिस्तच नाही. तू लहानपणापासून डाव्या बाजूला झुकतेस."

"मी उजव्या कुशीवर झोपते, त्याने होत असेल," बाई म्हणाल्या.

"उशीचा अभ्रा बदलते," सूनबाई म्हणाली.

अभ्रा! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ओरडून ओरडून थकलो. माझ्या ओरडण्याला ही माणसं घरघर म्हणतात, त्याला मी तरी काय करू?

एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नजर लावून काम करताना माणूस पापण्या मिटायचं विसरतो, तेव्हा आठवणीने मिटत जा. बाईंची तर सवयच अशी की रेघ ओढताना श्वास आणि पापणी दोन्ही धरून ठेवायची. मास्तर मागे खुर्ची टाकून बसले आणि मधूनच ओरडायचे, "पापणी!" एकदा बाई मनोऱ्याच्या तबकडीवर सहाच्या आकड्याचं पोट भरत होत्या. ब्रश अगदी वळणावर आलेला, आणि हे मागून गरजले, "पापणी!" सहाला शेपूट फुटलं. बाईंनी ब्रश तसाच हातात धरून वळून पाहिलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तू आता पुढच्या खोलीत जा. नाहीतर तुझ्याच पापण्या मी रंगवते." मास्तर गेले. सहाचं शेपूट खरवडण्यात सगळी दुपार गेली.

मग सूनबाईने तिसरी जात आणली. छोट्या छोट्या कुप्या, एकदा उघडायची, वापरायची, टाकायची. बाटलीतलं औषध टिकावं म्हणून त्यात जे काहीतरी घातलेलं असतं, ते ह्यात नसतं, असं ती म्हणाली. वारंवार थेंब घालणाऱ्यांना तेच कधीकधी टोचतं म्हणे. खरं असेल, ती त्या धंद्यातली आहे. पण कुपी उघडली त्याच दिवशी काय झालं, तर माझं वायंडिंग, म्हणजे पोटातल्या मोटारीची तारेची गुंडाळी, जळलं. जळकट वास आला, मी एक आचका दिला आणि बंद पडलो. दुरुस्तीच्या दुकानात मला एका फळीवर टाकून दिलं. तिथे मी कित्येक दिवस धूळ खात पडलो. इकडे तबकड्या आपापल्या चालीने सावकाश वाळत होत्या, आणि बाईंचे डोळे, विश्वास ठेवा, निवळले.

मी परत आलो तेव्हा घरात नुसता उत्सव होता. कुपीची काय ती स्तुती! "सोनं आहे सोनं," बाई म्हणत होत्या. मास्तरसुद्धा मान हलवत होते. बाईंनी मनोऱ्याच्या तबकडीचे बरेच आकडे त्या दिवसांत पुरे केले होते, तेही एकदम झोकात. मला पाहून बाई मनापासून म्हणाल्या, "आला बाई माझा वाळव्या! आता काम झपाझप उरकेल." आणि मला उचलून कुठे ठेवलं? त्याच स्टुलावर. तोंड त्याच बाजूला. नवीन वायंडिंगमुळे माझा जोरही आता दुप्पट.

तिसऱ्या दिवशी उजवा डोळा पुन्हा लाल, आणि ह्या वेळी डावाही. आता शिव्या कुणाला? कुपीला! कालचं सोनं आज पितळ झालं. "ह्यांच्या औषधाचा गुण टिकत नाही," मास्तर म्हणाले. "कुप्या जुन्या असतील," बाई म्हणाल्या. सूनबाईने तारीख बघितली, नवीनच होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि ह्यात सगळ्यात वाईट काय सांगू? चोर मी होतो, स्टुलावर उघडाबोडका बसून होतो, पळतही नव्हतो, आणि तरी मला कुणी धरत नव्हतं.

एका सकाळी बाई कामाला बसल्या. तबकडीवरचे शेवटचे आकडे राहिले होते, आणि त्यांच्याभोवतीची बारीक सोनेरी रेघ. बाईंनी रेघ ओढायला घेतली. डोळ्यांत पाणी दाटलं, रेघ दोन झाली, पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा दोन झाली. त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, फडक्याने पुसला, केस नीट एकत्र केले, आणि बरणीत उलटा ठेवला.

"मास्तर," त्यांनी हाक मारली. मास्तर आले. "काम देणाऱ्यांना सांगून टाक. छापलेला कागद लावा म्हणावं."

"अगं, पण एवढंसंच राहिलंय."

"तेच दिसत नाही मला. वाकडी रेघ त्या मनोऱ्यावर चढवायची आणि जन्मभर खाली मान घालून बाजारात जायचं, हे मला नाही जमणार." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आणि हे काम नाही जमलं, तर बाकीचीसुद्धा मला नकोत. ब्रश बंद."

मास्तरांनी आयुष्यभर बहिणीची चेष्टा केली, पण तिच्या हाताचा त्यांना केवढा अभिमान होता हे मला माहीत आहे. आलेल्या प्रत्येक माणसाला ते मागच्या खोलीत आणून तबकड्या दाखवायचे. ते आले तसे परत पुढच्या खोलीत गेले आणि बाई आत जाऊन आडव्या झाल्या. मी आपला फिरतोय, रिकाम्या खुर्चीवर वारा घालतोय. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या पात्यांचा राग आला.

त्या दिवशी सूनबाईला सुट्टी होती. दुपारी ती मागच्या खोलीत आली. आकड्यांच्या कडा सरळ याव्यात म्हणून बाईंनी पत्र्यावर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तबकडी परत द्यायची तर त्या काढायला हव्या होत्या. रंग अजून कच्चा, म्हणून मी चालूच होतो. ती बाईंच्या खुर्चीत बसली आणि एकेक पट्टी हलक्या हाताने सोलायला लागली. रंगाचा कपचा उडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होती. पापणी नाही, हालचाल नाही. एक पट्टी निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या पट्टीला तिने उजवा डोळा चोळला. मग पुन्हा चोळला. मग टेबलावरची एक कुपी फोडली आणि स्वतःच्याच डोळ्यात थेंब घातला. मी श्वास रोखून, म्हणजे रोखता आला असता तर रोखून, पाहत होतो.

थेंब घालून ती पुन्हा कामाला लागली. पण डोळा काही ऐकेना. तिने वैतागून पुढच्या खोलीकडे बघत हाक मारली, "मामा, जरा वाळव्या बंद करा हो! माझे डोळे वाळले."

आणि ती थांबली.

पट्टी हातातच राहिली. आपलंच वाक्य तिने पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं. "वाळव्या… वाळले." मग तिने हळूच मान उजवीकडे वळवली आणि माझ्याकडे, सरळ माझ्याकडे, पाहिलं. मग डावीकडे मांडणीकडे. मग आपण बसलो आहोत त्या खुर्चीकडे. "अगं बाई!" ती म्हणाली. "अगं बाई, बाई, बाई!"

मास्तर धावत आले. "काय झालं? रंग निघाला?"

"मामा, इथे बसा."

"मी कशाला?"

"बसा म्हणते ना! पापणी न मिटता ह्या आकड्याकडे बघा." तिने त्यांना खुर्चीत दाबूनच बसवलं. मास्तर डोळे वटारून बसले. थोड्या वेळाने त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली. मास्तर तसेच बसून होते. हळूहळू त्यांचा चेहरा असा काही झाला की मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची दया आली.

"बाकी सगळं सारखं ठेवायचं," ते स्वतःशीच म्हणाले. "मीच म्हणालो होतो. बाकी सगळं सारखं. आणि हा मेला इथे बसून…" त्यांनी उठून माझा खटका बंद केला. खोलीत एवढी शांतता झाली की आतून बाईंनी विचारलं, "वाळव्या का बंद केला रे?"

त्यानंतर पुष्कळ गोष्टी पटापट झाल्या. सूनबाईने लांब वायर आणली. मला उचलून मांडणीच्या शेजारी ठेवलं, तोंड तबकड्यांकडे, पाठ बाईंकडे. मनोऱ्याच्या तबकडीसाठी नियम ठरला, बाई बसल्या की मी बंद, बाई उठल्या की मी चालू. डॉक्टरीणबाईंना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या म्हणे हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वारा गेला हे फार चांगलं झालं, पण वय आहे, बारीक काम आहे, थेंब सोडू नका. दिवसा काम करताना पातळ, म्हणजे धूसर दिसणार नाही. झोपताना घट्ट, म्हणजे रात्रभर टिकेल. आणि दिवसातून पुष्कळदा घालायचे तर कुप्याच बऱ्या. घ्या! ज्यावरून घरात महाभारत झालं, ती तिन्ही औषधं बरोबर होती, फक्त आपापल्या वेळेला. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, घट्ट." सूनबाई म्हणाली, "दिवसा पातळच म्हणाल्या त्या." मी मांडणीपाशी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होतो. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं म्हणणं ऐकायचं तर आत्ता ऐका. डोळे चुरचुरले तर औषध घाला, जरूर घाला, डॉक्टरांना विचारून घाला. हे चांगलं की ते चांगलं, ह्यावर भांडायचं तर भांडासुद्धा. पण भांडायच्या आधी एकदा मान वळवून बघा, वारा कुठून येतोय. आम्हा जुन्या वस्तूंना तुम्ही कोपऱ्यात ठेवता, नाव देता, कामाला लावता, आणि मग विसरून जाता की आम्ही तिथे आहोत. आम्ही घरघरलो, करकरलो, ठकठकलो, तर लगेच "जुना झालाय" म्हणू नका. एखाद वेळी आमचं काहीतरी म्हणणं असतं. आणि तेल घाला म्हटलं तर खरंच घाला. माझ्या मागच्या बाजूला त्याचं भोक आहे, अजून कोरडंच आहे.

बाईंनी दुसऱ्या आठवड्यात बरणीतला ब्रश बाहेर काढला. तबकडी परत गेलेली नव्हती. मास्तरांनी काम देणाऱ्यांना निरोपच दिला नव्हता, "विसरलो" म्हणाले, आणि ते कधी काही विसरत नाहीत. बाईंनी राहिलेले आकडे भरले. मग सोनेरी रेघ घेतली. पापणी मिटायची, मग रेघ. पापणी, मग रेघ. शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाला येऊन भिडलं तेव्हा कुठे जोड आहे ते शोधूनही सापडलं नसतं. बाईंनी ब्रश खाली ठेवला, खुर्ची मागे सारली आणि तबकडीकडे बघत राहिल्या. मी बंद होतो. खिडकी बंद होती. खोलीत कसलाही वारा नव्हता. आणि बाईंच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ताई!" मास्तर ओरडले आणि घट्टवाली बाटली घेऊन धावले. सूनबाई कुपी फोडतच दुसऱ्या बाजूने आली. एकाने मान धरली, दुसरीने पापणी ओढायला हात पुढे केला. बाईंनी दोघांचे हात बाजूला सारले.

"अरे, थांबा मेल्यांनो," त्या म्हणाल्या. "हे खरे आहेत. वाहू द्या जरा."